डबा सापडला का?

वीकएण्डला काय करता? खरं खरं सांगा हं. शनिवारी अकरापर्यंत लोळणं, मग मॉल नाहीतर पिक्चर, रविवारी सकाळी मिसळ आणि संध्याकाळी पाचपासून सोमवारचं टेन्शन. माझंही सेम टू सेम. 'आउटडोअर' म्हणण्यासारखं काही असलंच तर दोन-तीन महिन्यांतून एकदा सिंहगड, आणि तोही वरच्या पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी. घराजवळ टेकडी आहे, पण टेकडीवर जायचं ते साठी उलटल्यावर, अशी आपली माझी समजूत.

मग गेल्या सप्टेंबरमध्ये कंपनीने मला तीन आठवडे सिॲटलला पाठवलं. नाव सिॲटलचं, प्रत्यक्षात ऑफिस आणि हॉटेल तळ्यापलीकडच्या बेलव्ह्यूमध्ये. पहिल्याच शनिवारी सकाळी टीममधल्या एकाचा फोन. मूळचा नाशिकचा, बारा वर्षं तिकडेच, सगळे त्याला नाशिककरच म्हणतात. म्हणाला, "बूट घाल आणि खाली ये. आणि हो, पेन आण."

पेन? फिरायला जाताना पेन कशाला, हे विचारायच्या आत फोन बंद.

खाली नाशिककर आणि त्याची आठ वर्षांची मुलगी. आम्ही हॉटेलजवळच्या एका पार्कात गेलो. त्याने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं, नकाशा उघडला आणि मी बघतच राहिले. सगळा परिसर हिरव्या ठिपक्यांनी भरलेला. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणीतरी लपवलेली एक डबी. ठिपक्यावर बोट ठेवलं की बाण आणि अंतर. तीनशे मीटर. एकशे दहा. चाळीस. नऊ. चार. आणि मग बाण वेडाच झाला! चार, सात, तीन, परत आठ. मी फोन वर धरला, खाली धरला, गोल फिरले.

"मावशी, आता फोन खिशात ठेव," पोरगी म्हणाली. "आता डोळ्यांनी बघायचं असतं."

तर हा जिओकॅशिंगचा सगळा फण्डा. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतं. झाडी दाट असेल, बाजूला उंच इमारती असतील, तर आणखी लांब. त्यापुढचं काम तुमचं. पाच मीटर म्हणजे किती हो? हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पण त्या एवढ्याशा वर्तुळात एक बाक, दोन झाडं, एक कुंपण आणि पंचवीस दगड असतील तर ते वर्तुळ आझाद मैदानाएवढं होतं. मी बाकाखाली वाकून पाहिलं, कुंपणाचे पाइप चाचपले. वीस मिनिटं गेली. पोरीला ती डबी आधीच माहीत होती आणि ती तोंड दाबून हसत होती. शेवटी दिसली. झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात, वरून सालीचा तुकडा चिकटवलेली, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मरोलची डबी. आत कागदाची गुंडाळी, तिच्यावर बारीक अक्षरात नावं आणि तारखा. पेन यासाठी होतं. मी सही केली, तारीख घातली, गुंडाळी आत, टोपण घट्ट, डबी होती तिथे. बस. बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही. तरी मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

हे सुरू कसं झालं, ती गोष्टही सॉलिड आहे. जीपीएस मूळचं अमेरिकन लष्कराचं. सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये सरकार मुद्दाम गडबड घालायचं, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. 1 मे 2000 ला अध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर केलं की आता ही गडबड बंद, आणि त्याच रात्री ती बंद झाली. जगभरातले जीपीएस एका रात्रीत सुधारले. दोनच दिवसांनी, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगन राज्यात पोर्टलँडजवळच्या जंगलात एक काळी प्लॅस्टिकची बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकून दिले. बादलीत काय? पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक बेचकी आणि शेंगांचा एक डबाबंद कॅन. तीन दिवसांत दोन अनोळखी माणसं शोधत शोधत तिथे पोहोचली! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश याने जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केली तेव्हा यादीत 75 डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून जास्त आहेत. 'आम्ही अब्जावधी डॉलरचे उपग्रह वापरून झुडपातला प्लॅस्टिकचा डबा शोधतो' असं ही मंडळी स्वतःच स्वतःबद्दल सांगतात, म्हणजे त्यांची टिंगल करायचीही सोय नाही.

प्रत्येक खेळाची असते तशी याचीही भाषा आहे. खेळात नसलेले ते 'मगल'. हॅरी पॉटर वाचलेल्यांना हे सांगायला नको. डबी शोधताना मगल लोकांच्या नजरेत यायचं नाही, कारण कुतूहलापोटी कुणी ती उचलून नेली की खेळ खलास. प्रत्येक डबीला दोन आकडे असतात, एक शोधायला किती अवघड आणि दुसरा तिथे पोहोचायला किती अवघड, दोन्ही एकपासून पाचपर्यंत. नवख्याने दीड-दीडच्या वर जाऊ नये. पाच म्हणजे दोर, होडी असली काहीतरी भानगड! मोठ्या डब्यात किडूकमिडूक वस्तू असतात. एक घ्यायची तर त्याच तोलाची किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. खाण्याचं काही ठेवायचं नाही, प्राणी वासावर येतात. म्हणजे पहिल्याच बादलीतला तो शेंगांचा कॅन आजच्या नियमात बसत नाही. मी पुण्याहून भेट द्यायला म्हणून कोल्हापुरी चपलांच्या पिटुकल्या की-चेन नेल्या होत्या. ऑफिसमध्ये वाटण्याऐवजी त्या सगळ्या वॉशिंग्टन राज्यातल्या डब्यांमध्ये गेल्या.

दुसऱ्या वीकएण्डला एकटीच निघाले, दोन बस बदलून फ्रीमॉण्टला. सिॲटलला जाऊन आलेले लोक तुम्हाला स्पेस नीडल आणि पाइक प्लेसचा बाजार सांगतील. फ्रीमॉण्ट क्वचित सांगतील. जगाचं केंद्र इथेच आहे, असा फलक लावून ठेवलेली ही वस्ती. पुणेकराला लगेच आपलीशी वाटते! ऑरोरा पुलाखाली सिमेंटचा एक अगडबंब राक्षस बसवलाय, 1990 चा, त्याच्या मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल चिरडलेली. थोडं पुढे लेनिनचा भलामोठा पुतळा, स्लोव्हाकियातून आणलेला. खाली कालव्यावर निळ्या-केशरी रंगाचा उघडणारा पूल. आणि इथेच जिओकॅशिंगचं हेडक्वार्टर आहे. भेटीचे दिवस आणि वेळा ठरलेल्या असतात, आधी बघून जा. तिथेही अर्थात एक डबा आहेच, ज्याला शोधायला डोकं लागत नाही. वहीत सही केली. माझ्या वर कुणी जर्मन, कुणी जपानी. 'पुणे, महाराष्ट्र' मी देवनागरीत लिहिलं.

तिथून तळ्याच्या काठाने गॅस वर्क्स पार्कपर्यंत चालत गेले. जुना गॅसचा कारखाना, त्याच्या गंजक्या टाक्या आणि नळ्या तशाच ठेवून 1975 मध्ये त्याचं पार्क केलंय. वाटेतल्या सहा डब्यांपैकी चार सापडल्या. एक चुंबकाने लोखंडाला चिकटलेली, बोटाच्या पेराएवढी. एक सापडलीच नाही. चाळीस मिनिटं मी एका पायपुलाच्या कठड्यापाशी कधी गुडघ्यावर, कधी पोटावर. या वेळात निदान शंभर माणसं गेली असतील. सायकलवाले, कुत्री फिरवणारे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया. एकानेही विचारलं नाही, बाई, काय करतेस? मला तेव्हा ते जाम सोयीचं वाटलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसऱ्या रविवारी नाशिककर मंडळींबरोबर बोगदा. शहरापासून पूर्वेला तासाभरावर स्नोक्वाल्मी खिंड आहे. तिच्या पोटातून मिलवॉकी रेल्वेची लाइन जायची, ती 1980 मध्ये बंद पडली. रूळ काढून टाकले आणि सगळा मार्ग चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना दिला. बोगदा 2.3 मैलांचा, म्हणजे साधारण पावणेचार किलोमीटर. आपल्या कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या बोगद्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण करबुडे आपण गाडीत बसून, वडापाव खात पार करतो. इथे पायी! आत दिवे नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागतो. छतातून पाणी टपकतं आणि लांबवर दुसऱ्या टोकाचा उजेड टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. तास झाला तरी तो ठिपका आपला तेवढाच. हिवाळ्यात बोगदा बंद असतो, मे ते ऑक्टोबर उघडा.

एवढी तंगडतोड कशासाठी? पलीकडच्या टोकाला, जरासं वर दगडांत चढून गेलं की या खेळातला एक जुना आणि मानाचा डबा आहे. 2001 मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स' सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी वेगवेगळ्या ठिकाणी डबे लपवले होते, त्यांतला हा एक. 2011 मध्ये तो चक्क गायब झाला. पान बंद केलं, लोक हळहळले. आणि 2016 मध्ये मूळ डबा परत मिळाला, जागेवर आला, पान पुन्हा उघडलं!

त्या डब्यात मला कासव भेटलं.

हिरवं, प्लॅस्टिकचं, अंगठ्याएवढं. साखळीने त्याला एक धातूची चपटी बिल्ली जोडलेली, सैनिकांच्या गळ्यात असते तशी, तिच्यावर एक नंबर. याला म्हणतात ट्रॅव्हल बग. ही वस्तू ठेवून घ्यायची नसते, पुढच्या डब्यात पोहोचवायची असते. नंबर साइटवर टाकला की तिचा आजवरचा प्रवास दिसतो आणि मालक घरबसल्या बघत राहतो. या कासवाबरोबर लॅमिनेट केलेली चिठ्ठी होती, लहान मुलाच्या अक्षरात. मला जमेल तेवढं लांब न्या, एवढंच.

"मावशी, तू तर इंडियात चालली आहेस!" नाशिककरच्या मुलीचा निकाल लागून गेला. तिच्या बापाने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "बघ हं. घेतलंस तर पोहोचवावं लागेल. तिकडे हरवलं तर या पोराचं कासव गेलं." मी कासव घेतलं. परतीच्या पावणेचार किलोमीटरमध्ये मी किती वेळा खिसा चाचपला असेल, मोजलं नाही.

पुण्यात आल्यावर नकाशा उघडला आणि पोटात गोळा आला. बेलव्ह्यूत स्क्रीन हिरवीगार होती, इथे ठिपके विरळ. त्यांतले काही फुकटच्या खात्यात उघडत नाहीत. काही इतके छोटे की कासव आत मावायचं नाही. काहींच्या पानावर लागोपाठ निळे उदास चेहरे, म्हणजे आले त्यांना सापडली नाही. अशा डबीत दुसऱ्याचं कासव टाकणं म्हणजे विहिरीत टाकणं.

मित्रमंडळींना सांगितलं तेव्हा एकीने बरोबर नेम धरला. "म्हणजे पब्लिक प्लेसमध्ये कुणीतरी बेवारस डबा ठेवणार आणि तू जाऊन तो उघडणार? पुण्यात?" काय बोलणार? फेब्रुवारी 2010 ची जर्मन बेकरी या शहराला अजून आठवते. एका टेबलाखाली ठेवलेली बॅग होती ती. मुंबईच्या लोकलमध्ये, आपल्या स्टेशनांवर वर्षानुवर्षं ऐकतोय, बेवारस वस्तूला हात लावू नका. तिकडेही असे घोटाळे होतातच. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या वेदर्बी गावात एका कॅफेबाहेरची अशीच डबी बॉम्ब समजून उडवून देण्यात आली. म्हणून नियमांत स्पष्ट आहे की जागामालकाची परवानगी हवी आणि रेल्वे, विमानतळ, लष्करी आस्थापना यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही. पुण्यात तर हे फारच बघावं लागतं. खडकी, पाषाण, खडकवासला, जिकडे जाल तिकडे संरक्षण खात्याची कुंपणं. डबा पारदर्शक हवा, वर खेळाचं नाव ठळक हवं, आत माहितीची चिठ्ठी हवी. एखादी वस्तू यात बसत नसेल, संशय आला, तर हात लावायचाच नाही. सही गेली उडत, सरळ 112 वर फोन.

जाता जाता सामानाचंही सांगून टाकते. यासाठी वेगळं जीपीएस यंत्र विकत घेऊ नका, फोन पुरतो. नकाशा आधी डाउनलोड करा, पॉवर बँक घ्या, टॉर्च घ्या, पेन दोन घ्या. आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारी ट्रेकिंगची उपकरणं परदेशातून आणायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय ती बेकायदा आहेत, आणि अशा उपकरणापायी परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या आलेल्या आहेत.

शेवटी एक ठिपका बरा वाटला. पुण्याला टेकड्यांची कमी नाही. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, बाणेरची, आणि सगळ्यांत उंच वेताळ टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. यांतली नेमकी कुठली ते सांगणार नाही. सांगितलं तर तुमचा खेळ बिघडेल. डबी 'स्मॉल', अवघडपणा दोन, चढण दोन. शेवटची सही चौदा महिन्यांपूर्वीची.

ऑक्टोबरातला शनिवार, सकाळी साडेसहा. आयुष्यात पहिल्यांदा मी या वेळी टेकडीवर होते. आणि काय सांगू, शहर झोपलंय असं मला वाटायचं, ते इथे वर आलेलं होतं! लाफ्टर क्लब, सूर्यनमस्कारवाले, शीळ घालत कुत्र्याला बोलावणारे, मोबाइलवर जुनी गाणी लावून चालणाऱ्या दोघी-तिघी. गवत कमरेएवढं आणि नुकतं पिवळं पडायला लागलेलं. गिरिपुष्पाच्या झाडीत मोर ओरडत होता. टेकडीवरून रस्ता काढायच्या योजनेविरुद्ध 2023 मध्ये पुणेकर हजारोंनी वेताळ टेकडीसाठी उतरले होते, तेव्हा मी ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये बसून 'काय एवढं त्या टेकडीचं' म्हटलं होतं. त्या सकाळी मला उत्तर मिळायला दहा मिनिटं लागली.

बाण सहा मीटरवर आला आणि नाचायला लागला. फोन खिशात. समोर दगडांची एक रास, एक वाकडं झाड, गवत. काठीने गवत बाजूला करत मी दगडांच्या फटी बघायला लागले. दीड मिनिट गेलं असेल नसेल.

"काय हरवलंय का?"

सत्तरीचे काका. पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात वेताची काठी. मगल!

"नाही काका, काही नाही, असंच."

"असंच काय? कानातलं पडलं का? थांब, मी बघतो." आणि काका वाकलेसुद्धा. ते वाकलेले बघून गाणीवाल्या दोघी थांबल्या. त्यांना बघून एक कानात इअरफोन घातलेला मुलगा थांबला. सिॲटलमध्ये चाळीस मिनिटांत एकाने विचारलं नव्हतं. इथे तीन मिनिटांत माझ्यासाठी चार माणसं गवत चाळत होती, आणि काय शोधतोय हे एकालाही माहीत नव्हतं!

लपवण्यात आता काही अर्थच नव्हता. मी सगळं सांगितलं. उपग्रह, डबा, सही, कासव.

"डबा? इथे? कुणी ठेवला? परवानगी आहे का?" दोघींपैकी एक काकू. प्रश्न पुणेरी असला तरी रास्त होता. दुसऱ्या काकूंनी तर पर्समधून फोनच काढला. "हे बघ, बेवारस डबा म्हणजे पोलिसांना कळवायला पाहिजे. काय सांगता येतं? माझ्या भाच्याचं दुकान आहे कोरेगाव पार्कात. त्या दिवसाचं ऐकलंय मी सगळं."

त्यांना वेडगळ म्हणायची माझी हिंमत नव्हती. ॲपवरचं पान दाखवलं, खेळाची माहिती दाखवली. त्यांचं बोट फोनवर तसंच. आणि मला कासवाचं टेन्शन. आता पोलीस येणार, डबा जप्त होणार आणि मी त्या पोराला काय कळवणार?

"एक मिनिट, एक मिनिट," पांढरे बूटवाले काका म्हणाले. "डबा म्हणजे ती निळ्या टोपणाची चौकोनी डबी का? आत कागद असलेली?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"अहो ती इथे कुठे शोधताय? ती तिकडे आहे. मीच ठेवलीय."

काका पंधरा-वीस पावलं वर चालत गेले, एका मोठ्या खडकाच्या खोबणीतला दगड काठीने सरकवला आणि आतून डबी काढली. झालं होतं असं, की दोन पावसाळ्यांपूर्वी वरून आलेल्या पाण्याने दगडांची रास खचली आणि डबी वाटेवर येऊन पडली. काकांना ती दिसली. टेकडीवर लिंबं, बाहुल्या असलं काही काही सापडतं, त्यामुळे आधी त्यांना तसलंच वाटलं. पण डबी पारदर्शक, आतली चिठ्ठी स्वच्छ दिसत होती. त्यांनी ती उघडून वाचली. हा खेळ आहे, कृपया डबी होती तिथे ठेवा. होती ती जागा तर वाहून गेलेली. मग त्यांनी पाणी येणार नाही अशी जवळची जागा बघून तिथे ठेवली. दर जूनच्या आधी काढायची, कागद वाळवायचा, नवीन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, परत ठेवायची. दोन वर्षं. कुणाची आहे माहीत नाही, खेळ काय तेही धड माहीत नाही.

"चिठ्ठीत लिहिलं होतं ना, ठेवा म्हणून," काका म्हणाले. जसं काही यात सांगण्यासारखं काय आहे.

दुसऱ्या काकूंनी फोन पर्समध्ये टाकला. त्या काकांना रोज बघतात म्हणे, बोलणं आजच झालं.

डबी उघडली. कागद कोरडा खडखडीत. मी सही केली. कासवाला सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. इअरफोनवाल्या मुलाने फोनवर हिशेब केला, सिॲटलपासून सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. कासवाच्या मानाने बरंच झालं! मी पेन काकांच्या पुढे केलं. "काका, तुम्हीही सही करा. दोन वर्षांचा हक्क आहे तुमचा."

"छे छे. मला कुठे सापडलीय? ती आपणहून खाली आली होती. मी फक्त राखली." पेन त्यांनी घेतलं नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "दुसरी कुठे आहे? जवळपास? ती शोधू. सापडली तर सही करीन."

त्या दिवशी घरी येऊन मी पानावर नवीन अक्षांश-रेखांश लिहिले आणि डबीच्या मालकाला मेसेज टाकला. तो आता बंगळुरूला असतो. डबी केव्हाच गेली असं समजून त्याने नाद सोडला होता. वन खात्याची रीतसर परवानगी घ्यायला येत्या डिसेंबरात तो पुण्याला येतोय, अर्ज मी लिहून ठेवलाय. सिॲटलच्या पोरालाही कळवलं. त्याच्या आईचं उत्तर आलं, की त्याने शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात पुणे शोधून टाचणी लावली आहे.

काकांचा आणि माझा दुसऱ्या ठिपक्याचा बेत या रविवारी आहे. पहाटे सव्वापाचला निघायचं असं त्यांनी ठरवलंय, मला न विचारता. तोपर्यंत रोज सकाळी पावणेसातला व्हॉट्सॲपवर त्यांचा एक फोटो येतो. उघडी डबी, आत हिरवं कासव, आणि खाली एकच शब्द : 'आहे'.